कडीच्या जागी घुबड

कुठलीही वस्तू मोडली की सुसंस्कृत समाजापुढे दोनच मार्ग असतात, असं पूर्वी समजलं जाई: ती दुरुस्त करणे, किंवा ती मोडलेलीच नाही असं म्हणणे. पहिल्यात कष्ट आहेत आणि दुसऱ्यात खोटेपणा. आमच्या शाळेने तिसरा मार्ग शोधून काढला, तो म्हणजे कौतुक. मोडक्या वस्तूचं पुरेसं कौतुक केलं की ती दुरुस्त करावी लागत नाही. उलट दुरुस्त करणाराच गुन्हेगार ठरतो. या शोधाचं श्रेय माझ्याकडे जातं. मी नववीत आहे. (नम्रता हा धडा आम्हाला दहावीला आहे.)

गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायचा म्हणजे मी आधी कोपर उचलायची, मग मनगट, आणि बोटांपर्यंत पोचेतो तास संपायचा. यंदा मला आत्मविश्वास आला. तो नेमका कुठून आला याची आई चौकशी करते आहे, आणि थोडा परत पाठवता येईल का याचीही. पण आला तो एकटा आला नाही. त्याच्या पाठोपाठ मला कला कळू लागली.

आईच्या फोनवर एक पान आहे. जगात कुठेही काही विचित्र, गमतीदार आणि कुणीही न मागितलेलं घडलं की त्याचा फोटो तिथे येतो. एक बाई बटाट्यांना भुवया काढतात आणि खाली त्या बटाट्याचा स्वभाव लिहितात (बहुतेक बटाटे दुखावलेले असतात). एक गृहस्थ रस्त्यात सापडलेल्या एकेकट्या मोज्यांसाठी बुटांच्या खोक्यात घरं बांधतात, खिडक्यांना पडदे लावून. एका जोडप्याने बागेतल्या सगळ्या बाकांना स्वेटर घातले, कारण बाकांना थंडी वाजते का हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी हे सगळं आईला दाखवलं. आई एका डोळ्याने बघत होती, दुसरा दुधावर होता. सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, "यांच्या घरची कामं कोण करतं?"

कलेच्या इतिहासात हा प्रश्न कितव्यांदा विचारला गेला माहीत नाही. उत्तर अजून आलेलं नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी पाणी प्यायला नळावर वाकले, आणि नळाने माझ्याकडे बघितलं.

म्हणजे नळाच्या वरच्या फरशीवर एक तोंड होतं. डोळे मिटलेले, ओठ वाकडे, आणि नाकाच्या जागी बरोबर नळ, त्यामुळे ते तोंड चोवीस तास शेंबडं. अशी तोंडं मी पहिलीपासून बघत होते. तो दिवस मात्र वेगळा होता, कारण आदल्या संध्याकाळी मी भुवयावाला बटाटा बघितला होता.

ही तोंडं काढायचे पक्कडमामा. शाळेत जे काही हलतं, गळतं, कुरकुरतं ते बघायचं काम त्यांच्याकडे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम पक्कड, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपटावर असेल. पूर्वी ते मोडक्या वस्तूवर चिठ्ठी लावायचे: "नळ बंद आहे", "खुर्चीवर बसू नये". आमच्या शाळेत साक्षरतेचं प्रमाण शंभर टक्के असल्यामुळे चिठ्ठी कुणी वाचत नसे. मग मामांनी तेलखडूने तोंडं काढायला सुरुवात केली. गळका नळ म्हणजे शेंबडं तोंड. पाय मोडलेल्या खुर्चीवर काठी टेकणारा म्हातारा. आवाज करणाऱ्या पंख्याच्या बटणाशी कानात बोटं घातलेली बाई. ढिल्या स्विचवर केस उभे राहिलेला माणूस. ते बघून पहिलीतलं पोरही लांब उभं राहायचं. मामा ऑफिसात तीन प्रतींत मागणीपत्र द्यायचे, दोनचार महिन्यांनी सामान यायचं, वस्तू दुरुस्त व्हायची, आणि मग मामा रॉकेलचं फडकं फिरवून तोंड पुसून टाकायचे. पुसलेलं तोंड म्हणजे झालेलं काम. एवढीच त्यांची पद्धत होती.

त्या दिवशी शाळेत एकतीस तोंडं होती. मी ती सगळी मोजली.

चित्रकलेच्या सरांनी मला त्यांचा फोन दिला. सरांचा तास तीन वर्षांपासून गणिताला दिलेला होता आणि त्या वेळात ते स्टाफरूममध्ये बसून वह्यांना कव्हरं घालून देत, सबब त्यांच्याकडे वेळ होता आणि अपमानही होता. कलाचळवळीला या दोन गोष्टी लागतात. आम्ही एकतीस फोटो काढले आणि त्या पानाकडे पाठवले. आठवड्यात अकरा हजार लोकांना ते आवडले. आमच्या शाळेत मुलं नऊशे चाळीस. म्हणजे ज्यांना त्या नळाचं पाणी कधीच प्यायचं नव्हतं त्यांनाच तो अधिक आवडला, हे गणिताने सिद्ध होतं. (गणिताच्या सरांनी तपासून दिलं आहे.)

अकरा हजारांत एक जाणकार होते. जाणकार म्हणजे ज्यांना आपल्यापेक्षा आपलं जास्त कळतं. ते स्वतः शाळेत आले. त्यांच्या चष्म्याला काचा नव्हत्या. मी बोट घालून खात्री करणार होते, पण माझ्या मैत्रिणीने हात धरला. या मैत्रिणीला सगळे शंका म्हणतात, कारण बाई "काही शंका?" म्हणाल्या की ती उभी राहते. बाकीच्या वर्गाला हा प्रश्न नसून तास संपल्याची खूण आहे हे माहीत आहे.

जाणकारांनी मामांना नळापाशी उभं केलं आणि हळू आवाजात विचारलं की या कलाकृतीतून त्यांना काय म्हणायचं आहे.

मामा म्हणाले, "नळ गळतोय. वायसर गेलाय. मिळाला की बसवतो."

जाणकारांनी डोळे मिटले. "मिळाला की बसवतो," ते स्वतःशीच म्हणाले. "केवढी प्रतीक्षा आहे यात."

"चार महिने झाले," मामा म्हणाले.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, लगेच खोलीत गेल्या आणि समिती नेमून बाहेर आल्या. तिचं नाव विलक्षण समकालीन कला शोध व जतन समिती. अध्यक्ष मोठ्या बाई, सल्लागार जाणकार, सदस्य चित्रकलेचे सर आणि शंका (विरोधी मत नोंदवायला कुणीतरी लागतं, नाहीतर सर्वानुमते हा शब्द पोकळ वाटतो), आणि चिटणीस मी. आयुष्यात पहिल्यांदाच मला शिक्का मिळाला. पहिल्या दिवशी मी तो स्वतःच्या हातावर मारून पाहिला आणि दोन दिवस आंघोळ करताना तो हात बाहेर ठेवला.

पहिल्या बैठकीत पुढील ठराव झाले. मसुदा माझा.

ठराव एक: शाळेतील एकतीस तोंडे ही समकालीन कला आहे. ठराव दोन: ज्या वस्तूवर तोंड आहे ती कलाकृतीचा अविभाज्य भाग असल्याने ती दुरुस्त करता येणार नाही, विशेषतः पक्कडमामा यांनी तिला हात लावू नये. ठराव तीन: प्रत्येक कलाकृतीशेजारी माहितीची पाटी लावावी. प्रेक्षकांची वेळ अकरा ते चार.

शंकाने विचारलं की कलाकारालाच हात लावायची मनाई कशी. जाणकार म्हणाले, कलाकृतीला सर्वांत मोठा धोका कलाकाराकडूनच असतो. हे वाक्य इतकं छान होतं की त्याचा अर्थ विचारणं मला असभ्य वाटलं.

पाट्या मी लिहिल्या. नळाची पाटी अशी: "नळ गळतोय. माध्यम: पितळ, तेलखडू, पाणी. पाणी हा कलाकृतीचा भाग असून ते पिऊ नये." म्हातारा असलेल्या खुर्चीची: "बसणे म्हणजे काय?" पंख्याची पाटी मोठी होती, पण पंख्याच्या आवाजात ती समजावून सांगता येत नसे.

सर्वांत गाजलं ते घुबड.

खालच्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला मुलींसाठी एकच स्वच्छतागृह आहे. वर्षाच्या सुरुवातीला त्याची आतली कडी निघून पडली. मामांनी दारावर बाहेरून एक मोठं घुबड काढलं, डोळे टक्क उघडे, डावा डोळा दाराच्या मुठीभोवती. अर्थ साधा: कडी नाही, बाहेर कुणीतरी राखण करा. तेव्हापासून मी आत गेले की शंका मूठ ओढून उभी राहते, आणि ती आत गेली की मी. आमची मैत्री पहिलीपासूनची, पण कडी निघाल्यापासून जास्त घट्ट झाली. मी पाटीवर लिहिलं: "खाजगीपणा ही फक्त एक कल्पना आहे. हे दार तिला प्रश्न विचारतं." हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं होतं. कडी लावून.

महिनाभरात समितीने केलेली प्रगती मी वार्षिक अंकासाठी नोंदवली, ती थोडक्यात देते. बाहेरून आलेले प्रेक्षक एक हजार दोनशे. खुर्च्यांवरून पडलेले विद्यार्थी चौदा, त्यांपैकी अनुभव समृद्ध करणारा होता असं लेखी देणारे दोन (दोघांची आई एकच). नवीन मोडलेल्या वस्तू त्रेचाळीस. यातल्या बऱ्याचशा आपोआप मोडल्या नाहीत; आठवी ब ला आपल्या वर्गात एकही कलाकृती नसल्याचं शल्य होतं. गणिताच्या सरांचा वर्ग सगळा धडधाकट, तिकडे कुणी फिरकेना, म्हणून सर एक दिवस मधल्या सुट्टीत टेबलाखाली वाकलेले आढळले. पेन पडलं होतं, असं ते म्हणाले. त्यांच्या हातात स्क्रू होता. मामांनी मात्र एकही नवं तोंड काढलं नाही, त्यामुळे हे सगळं नुसतंच मोडकं राहिलं. समितीने त्याचं "कच्चा माल" असं वर्गीकरण केलं.

आणि सर्वांत अभिमानाची नोंद: विद्यार्थिनींच्या पाणी पिण्यात चौसष्ट टक्के घट. जिन्याखालचं पिंप संध्याकाळी जवळजवळ भरलेलं असे. मी या नोंदीला "कलेतून जलबचत" असं शीर्षक दिलं. मोठ्या बाईंनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या, जरा पाय जवळ घेऊन.

त्याच आठवड्यात मामांनी मला बोलावलं. त्यांची खोली जिन्याखाली आहे. भिंतीला एक फळी, तिच्यावर हातोडी, पाने, करवत टांगलेली, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराची रेघ काढलेली; हत्यार जागेवर नसलं की रेघ दिसते. मामा या सत्राच्या शेवटी निवृत्त होणार होते. मी लहान असताना त्यांनी एकदा सांगितलं होतं की ते आले तेव्हा आधीच्या माणसाने त्यांच्या हातात मोडकी शाळा दिली होती, आणि जाताना ते पुढच्या माणसाला धड शाळा देणार. एकही तोंड मागे ठेवायचं नाही. त्यासाठी त्यांच्याकडे एक वही होती. एकतीस ओळी, पुढे टिक करायची जागा रिकामी.

गेल्या वर्षापर्यंत ते मला बाळ म्हणायचे. समितीपासून चिटणीसबाई म्हणू लागले होते. मला ते फार आवडायचं.

"चिटणीसबाई, ही आली बघा," ते म्हणाले. कागदात गुंडाळलेली नवी कडी, कोयंडा आणि चार स्क्रू. "पाच मिनिटांचं काम आहे. तुमची परवानगी पाहिजे."

मी त्यांना ठराव दोन समजावून सांगितला. तो मला पाठ होता.

"मग पोरींनी जायचं कधी?"

मी म्हटलं, प्रेक्षकांची वेळ अकरा ते चार आहे, त्याच्या आधी किंवा नंतर.

"शाळा अकराला भरते," मामा म्हणाले.

"नंतर मोकळंच असतं की. चार ते पाच."

मामांनी कडी पुन्हा कागदात गुंडाळली, कागदाच्या घड्या जुन्या घड्यांवरच घातल्या, आणि ती खिशात ठेवली, पकडीशेजारी. "बरं," म्हणाले.

हा शब्द मी इतिवृत्तात घेतला नाही. पण तो मला घरी जाईपर्यंत ऐकू येत होता.

पुढच्या गुरुवारी दुपारी साडेबाराला मी नियम मोडला. चारपर्यंत थांबणं माझ्या हातात नव्हतं. (हात हा शब्द इथे सभ्यतेखातर वापरला आहे.) व्हरांडा रिकामा होता. शंका मूठ धरून उभी राहिली, मी आत गेले, आणि तेवढ्यात जिन्यावरून पावलं वाजली. जाणकार बावीस पाहुण्यांना घेऊन आले होते. तो दौरा शुक्रवारी होता. पत्रात शुक्रवार मीच टाइप केला होता आणि खाली गुरुवारचा शिक्काही मीच मारला होता.

बाहेरचं सगळं मला ऐकू येत होतं.

"बाळ, जरा हात काढ," जाणकार म्हणाले. "घुबडाचा डावा डोळा झाकला जातोय."

"आत कुणीतरी आहे," शंका म्हणाली.

"अगदी बरोबर. आत कायम कुणीतरी असतं," जाणकार म्हणाले. "हेच तर या कलाकृतीचं सांगणं आहे."

पाहुण्यांनी हुंकार भरला. शंकाचा हात कुणीतरी प्रेमाने बाजूला केल्याचं मला कळलं, कारण दार आत यायला लागलं. मी पाठ दाराला लावली आणि दोन्ही पाय समोरच्या भिंतीला. उंची वाढत नाही म्हणून मी आजवर रडत होते. त्या दिवशी आणखी चार बोटं असती तर बरं झालं असतं. एका पाहुण्याने विचारलं की ही कलाकृती नुसती बघायची आहे की प्रेक्षकांनी सहभागी व्हायचं आहे. जाणकार म्हणाले, हलकेच ढकलून बघा. त्याने ढकललं. मी जीव खाऊन उलट ढकललं.

"प्रतिसाद देतंय," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

मग जाणकारांनी पाटी वाचली. सावकाश, प्रत्येक शब्दाला मान देऊन. "खाजगीपणा ही फक्त एक कल्पना आहे. हे दार तिला प्रश्न विचारतं." ते वाक्य मी शंभरदा वाचलं होतं, पण नेहमी दाराच्या त्या बाजूने. आतून ते वेगळं ऐकू येतं. कुणीतरी म्हणालं की इतकं धाडसी वाक्य लिहिणारी व्यक्ती नक्कीच निर्भय असणार. निर्भय व्यक्तीच्या पायाला तेव्हा मुंग्या आल्या होत्या. चर्चा एकोणीस मिनिटं चालली.

ते गेल्यावर मी बाहेर आले. शंका तिथेच होती. मला वाटलं ती आता काहीतरी बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं. ती म्हणाली, "पाय दुखले का?"

मी मान हलवली.

"पहिलीतल्या पोरी घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत," ती म्हणाली. "मी विचारलं त्यांना. जायला लागू नये म्हणून."

कलेतून जलबचत. चौसष्ट टक्के.

मी तातडीची बैठक बोलावली. विषय एकच: कडी. मोठ्या बाई म्हणाल्या की भावना पोचल्या. चित्रकलेचे सर म्हणाले की समिती बरखास्त झाली तर त्यांचा तास पुन्हा गणिताकडे जाईल, आणि खाली बघत राहिले. जाणकार म्हणाले की कडी बसवणं म्हणजे घुबडाची हत्या आहे, तरीही मुलींचा आग्रहच असेल तर कलाकृती-दुरुस्तीतले तज्ज्ञ बोलावता येतील. ते पुढच्या वर्षी मोकळे होतात. निर्णय राखून ठेवण्यात आला. चार विरुद्ध एक असे ठराव आजवर पुष्कळ झाले होते, पण त्या एकात आज शंकाबरोबर मी होते, म्हणजे तीन विरुद्ध दोन. आमच्या समितीच्या इतिहासात यालाच वादळ म्हणतात.

पाच वाजता शाळा सुटल्यावर मी जिन्याखाली गेले आणि मामांना म्हटलं, चला, कडी बसवू या.

"मला हात लावायची मनाई आहे," मामा म्हणाले.

मी म्हटलं, ठराव मीच लिहिलाय, मीच सांगते.

"मी वाचलाय ठराव. दोनदा वाचलाय." त्यांनी खिशातून कडीची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "त्यात माझं नाव आहे, बाळ. तुझं नाही."

ते दाराशी आले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, नियमाप्रमाणे. पुढचं सगळं तोंडाने. जुनी भोकं ढिली झाली होती. "खराट्याची काडी मोडून भोकात घाल, जेवढी मावेल तेवढी. मग स्क्रू धरतो." काडी घातली. पहिला स्क्रू वाकडा गेला. "काढ. घाई नको. सरळ धर आणि वजन टाक, मनगट नंतर." महिनाभर शिक्का मारून माझं मनगट तयार झालं होतं, ते इथे काहीच कामाला आलं नाही. दुसरा बसला. तिसरा शंकाने बसवला, जास्त सरळ. चौथा कुणी बसवला यावर आमचं अजून एकमत नाही. पाच मिनिटांचं काम पाऊण तासात झालं.

मग मामांनी फडकं पुढे केलं. मी घुबड पुसलं. आधी पंख, मग चोच. डावा डोळा शेवटी, मुठीभोवती बोट फिरवून फिरवून काढावा लागला.

शंका आत गेली. कडीचा टक् असा आवाज आला. नंतर ती बाहेर येईना. मी हाक मारली, काय करतेस म्हणून.

"काही नाही," ती आतून म्हणाली. "उभी आहे नुसती."

मामांनी वहीत एक टिक केली.

दुसऱ्या दिवशी खरा शुक्रवार होता. जाणकार पुन्हा पाहुण्यांना घेऊन आले. कोरं दार होतं, आणि शेजारी माझी पाटी, जी मी काढायला विसरले होते. जाणकारांनी पाटी दोनदा वाचली. मी पुढे झाले आणि मोठ्याने सांगितलं की घुबड मी पुसलं, कडी आम्ही दोघींनी बसवली, काय शिक्षा करायची ती करा. आवाज बरा निघाला.

"ऐकलंत?" जाणकार पाहुण्यांना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते काच नसलेल्या चष्म्यातून बोट घालून पुसले. "कलाकाराने स्वतःला काढून घेतलं. आणि तेही शिष्यांच्या हातून. आता इथे घुबड नाही, आणि ते नसणं केवढं मोठं आहे बघा."

सगळ्यांनी नसलेल्या घुबडाचे फोटो काढले. ते सतरा हजार लोकांना आवडले.

सोमवारी समितीने नवा ठराव केला: उरलेल्या तीस कलाकृतींचाही दुसरा टप्पा व्हावा, आणि तो करायला पक्कडमामांखेरीज कुणीही पात्र नाही. मसुदा माझाच, पण या वेळी मी तो शंकाला आधी वाचायला दिला. मामांनी दिवसाला दोन तोंडं या हिशेबाने तीस वस्तू दुरुस्त केल्या. मधूनमधून कच्चा मालही उरकला. वायसर बसला. पाटी बदलली: "नळ गळत नाही. माध्यम: पितळ, शांतता." एक बाई खुर्चीवर बसून, खुर्चीचे चारी पाय समान आहेत या अनुभवाने भारावून गेल्या. हल्ली आमच्या शाळेत लांबून माणसं येतात, सगळं नीट चालतंय हे बघतात, आणि असं कसं सुचलं असेल म्हणून थक्क होतात. चित्रकलेचा तासही परत मिळाला आहे. पहिलीतल्या पोरी पाणी पितात, त्यामुळे जलबचतीचे आकडे घसरले आहेत. ते वार्षिक अंकात मी घसरलेलेच छापले.

शेवटच्या दिवशी मामांची वही पुरी झाली. एकतीसही ओळींवर टिक. निरोपाच्या नारिंगी शालीऐवजी त्यांनी मोठ्या बाईंकडून नवा खराटा मागून घेतला, आणि तो पुढच्या माणसासाठी फळीला टांगून त्याच्यामागे रेघ काढली.

आणि तरीही संध्याकाळी मला एक तोंड सापडलं. नवीन. व्हरांड्यात समितीने प्रेक्षकांसाठी दोन पावलं रंगवलेली आहेत, "येथे उभे राहावे" म्हणून. त्या दोन पावलांच्या मधोमध, फरशीवर. बशीएवढे डोळे, वासलेला आ, आणि हात नाहीत. इतकं गोड तोंड मामांनी आधी कधीच काढलं नव्हतं.

मी फरशी तपासली. चारी कोपऱ्यांवर टाच ठोकून पाहिली, कुठेही पोकळ वाजत नाही. तडा नाही. हलत नाही. मी धावत जिन्याखाली गेले, मामा किल्ल्या मोजून देत होते. मी विचारलं, त्या फरशीला काय झालंय, काही सापडत नाही.

"खूण मी कशावर काढतो?" मामांनी विचारलं.

"मोडलंय त्याच्यावर."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि रॉकेलचं फडकं माझ्या हातात दिलं. काम झालं की पुसून टाक म्हणाले.

आजवर त्या तोंडाला बावीस हजार लोकांची पसंती आहे. लोक येतात, पावलांवर पाय ठेवून उभे राहतात, तसेच डोळे आणि तसाच आ करून खाली बघतात, हसतात, फोटो काढतात आणि जातात. फडकं मी रोज दप्तरात आणते. ते बाहेर काढायची वेळ अजून आलेली नाही. तुम्हीही इथवर हसत आलाच आहात, तेव्हा एकदा प्रत्यक्ष येऊन जा. जागा शोधावी लागणार नाही, पावलं बरोबर तुमच्याच मापाची आहेत. वेळ अकरा ते चार.